मशीन कशाची वाट बघतंय? वापरलेल्या सीएनसीत टूल बसत नाही तेव्हा

सीएनसी मिलिंग मशीनला तुम्ही सांगता, पाच नंबरचं टूल घे. स्पिंडल वर जातो, ठरावीक कोनात थांबतो, मॅगझिन फिरतं आणि तिथेच सगळं ठप्प. स्क्रीनवर लाल अक्षरांत अलार्म. काही मोडल्याचा आवाज नाही, धूर नाही, बाहेरून बघितलं तर सगळं जागच्या जागी. नवं मशीन असेल तर कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोन लावता येतो. लिलावात घेतलेल्या, पंचवीस-तीस वर्षं राबलेल्या मशीनला असा फोन नंबरच नसतो. मॅन्युअल असलंच तर जर्मनमध्ये, आणि त्यातलं नेमकं हवं ते पान गायब.

वापरलेलं मशीन घ्यावं का, यावर आम्ही पॉडकास्टमध्ये बोललो तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न याच एका गोष्टीवर आले. भोसरीतून, शिरोलीच्या एमआयडीसीतून, एक तर पिंपरीतून थेट मशीनसमोर उभं राहून: ‘टूल डिक्लॅम्प होतंय, पण परत क्लॅम्प झालं असं मशीन मानतच नाही. कुठून सुरुवात करू?’ याचं उत्तर बोलून देणं अवघड आहे, कारण इथे क्रमाला महत्त्व आहे. म्हणून लिहून काढलं. माझं काम ग्रोनिंगनमध्ये चालतं, त्यामुळे इथली मशीनं डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. पण ४० टेपरचा स्पिंडल भोसरीत आणि ग्रोनिंगनमध्ये सारखाच हट्टी असतो.

आधी ग्रोनिंगनचा आणि मिलिंगचा संबंध काय ते थोडक्यात. हे नेदरलँड्सच्या उत्तर टोकाचं विद्यापीठाचं गाव. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ६६ अँटेनांची आल्मा ही रेडिओ दुर्बीण आहे. तिचे बँड ९ नावाचे रिसीव्हर, म्हणजे ६०२ ते ७२० गिगाहर्ट्झचे, ग्रोनिंगनमधल्या संशोधन गटाने बनवले. या लहरींची लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते, आणि त्यांना वाट देणाऱ्या धातूतल्या खाचा मिलिमीटरच्या काही दशांश एवढ्याच रुंद. अशा कामात टूल स्पिंडलमध्ये दोन शतांश मिलिमीटर वाकडं बसलं तरी जॉब भंगारात. या देशात प्रयोगशाळेसाठी यंत्रं घडवणारा कारागीर हा एक वेगळा, मान असलेला व्यवसाय आहे. त्यासाठी लायडनमध्ये कामरलिंग ओनेसने १९०१ मध्ये शाळाच काढली, ती आजही चालू आहे. आपल्याकडे टूल रूममधल्या माणसाला हा मान क्वचितच मिळतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

तर प्रयोगशाळा असो की चार माणसांचं वर्कशॉप, नवं मशीन परवडत नाही तेव्हा लोक लिलावाकडे वळतात. कारखाना बंद झाला की त्याची मशीनं ऑनलाइन लिलावात येतात, ‘आहे तशी’ या एका शब्दावर विकली जातात आणि ट्रकवर चढतात. या भागात अशा वेळी एक ओळखीचा चेहरा हमखास दिसतो: बव्हेरियातल्या फ्रॉन्टनमध्ये बनलेलं माहो मशीन, त्यावर फिलिप्सचा ४३२ कंट्रोल. हो, बल्ब आणि रेडिओवाली फिलिप्स. ती एके काळी सीएनसी कंट्रोलही बनवायची. माहो आणि डेकेल या दोन जुन्या जर्मन कंपन्या १९९३ मध्ये एकत्र आल्या, १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेल्या आणि गिल्डेमाइस्टरने त्या घेतल्या. मशीनं मात्र चालतच राहिली. अशाच मशीनवर टूलच्या पकडीचे सगळ्यात मजेदार घोळ होतात, ते पुढे सांगतो.

पकड कशी असते

टूल होल्डरचा वरचा भाग शंकूसारखा असतो. ७:२४ टेपर म्हणजे २४ मिलिमीटर लांबीला व्यास ७ मिलिमीटरने कमी होतो. ४० नंबरच्या टेपरला मोठ्या टोकाचा व्यास ४४.४५ मिलिमीटर. बीटी-४०, कॅट-४०, एसके-४० या सगळ्यांचा शंकू हाच.

ड्रिलिंग मशीनचा मोर्स टेपर आयटीआयच्या पोरांना माहीत असतो: आत ठोकला की स्वतःच धरून बसतो, काढायला पाचर मारावी लागते. ७:२४ चा उतार मुद्दाम जास्त ठेवलाय, म्हणजे तो सहज सुटावा. जे सहज सुटतं ते स्वतःहून धरून राहत नाही. त्यामुळे त्याला सतत कोणीतरी वर ओढून धरावं लागतं. ते काम ड्रॉबारचं. होल्डरच्या डोक्यावर पुल स्टड असतो, ड्रॉबारच्या टोकाची बोटं त्याला पकडतात, आणि ड्रॉबारवर रचलेली डिस्क स्प्रिंगची चळत त्याला वर खेचते. ४० टेपरला ही ओढ ढोबळमानाने टनभर असते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. धरतात त्या स्प्रिंगा, सोडते ती हवा किंवा हायड्रॉलिक. म्हणजे वीज गेली, कॉम्प्रेसर बंद पडला, तरी टूल पडत नाही. डिक्लॅम्प करायचं तर वरचा सिलिंडर स्प्रिंगा दाबतो, बोटं उघडतात आणि ड्रॉबार होल्डरला वरून थोडा धक्का देऊन शंकूतून मोकळा करतो. ‘टूल सुटत नाही’ ही तक्रार आली की हवा, तेल आणि सिलिंडर बघायचा. ‘टूल धरत नाही’ म्हटलं की स्प्रिंगा, बोटं आणि पुल स्टड. निम्मा शोध इथेच संपतो.

मशीन साक्षीदार विचारतं

टूल बदलणं आपल्याला एक हालचाल वाटते. मशीनसाठी ती दहा-बारा पायऱ्यांची रांग आहे. ट्विन आर्मच्या मशीनवर साधारण असं होतं: मॅगझिन पॉकेट समोर आणतं, झेड ठरलेल्या उंचीवर जातो, स्पिंडल ओरिएंट होतो, पॉकेट खाली झुकतं, आर्म फिरून दोन्ही होल्डर पकडतो, ड्रॉबार सोडतो, आर्म खाली येतो, अर्धा फेरा, वर जातो, ड्रॉबार धरतो, आर्म घरी, पॉकेट वर, आणि शेवटी कंट्रोल आपल्या टेबलमध्ये नोंद करतो की आता कुठलं टूल कुठे आहे.

प्रत्येक पायरीनंतर पीएलसी विचारतं, झालं का? उत्तर देतो एखादा प्रॉक्सी किंवा लिमिट स्विच. उत्तर आलं की पुढची पायरी. ठरलेल्या वेळात आलं नाही की अलार्म. त्यामुळे अलार्मचा मजकूर वाचून त्यावर विश्वास ठेवण्याआधी एवढंच विचारा: मशीन कुठल्या पायरीवर थांबलंय, आणि कोणाच्या साक्षीची वाट बघतंय?

हे बघायला कंट्रोलमध्ये पान असतं. फानुकवर पीएमसीच्या स्टेटस पानावर इनपुट एक्स अक्षराने आणि आउटपुट वाय अक्षराने दिसतात. क्लॅम्पचा आउटपुट गेलाय आणि क्लॅम्प झाल्याचा इनपुट आला नाही, हे तिथे स्वच्छ दिसतं. इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवर त्या इनपुटचा वायर नंबर शोधा आणि त्या टोकाला जा. ड्रॉइंग नसेल तर मशीन चालू स्थितीत असतानाच एकेका प्रॉक्सीसमोर लोखंडाचा तुकडा धरून कुठला बिट बदलतो त्याची यादी करून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो. पण वापरलेल्या मशीनवर घालवलेला याहून कामाचा अर्धा दिवस मला तरी माहीत नाही.

प्रॉक्सी तपासणं सोपं. समोर लोखंडाचा तुकडा धरा. त्यावरचा दिवा लागला आणि स्क्रीनवरचा बिटही बदलला, तर प्रॉक्सी निर्दोष, समोरचा धातूच पोचत नाहीये. दिवा लागला पण बिट बदलला नाही, तर वायर तुटली आहे किंवा इनपुट कार्ड गेलंय. दिवाच नाही, तर प्रॉक्सी किंवा त्याचे २४ व्होल्ट. नवा प्रॉक्सी आणताना एक खोडा: युरोपियन मशीनवर बहुतेक पीएनपी प्रकार असतो, जपानी मशीनवर बऱ्याचदा एनपीएन. दिसायला सारखेच. चुकीचा लावला तर दिवा लागतो आणि मशीनला काहीच कळत नाही, मग माणूस दोन दिवस केबल बदलत बसतो.

ट्रकमधून उतरल्यावर काय बदललं?

विकणारा म्हणतो, ‘आमच्याकडे चालत होतं.’ बहुधा तो खरंच बोलत असतो. मग तुमच्याकडे काय वेगळं आहे? याची उत्तरं मोजकी आहेत, आणि स्पिंडलला पाना लावण्याआधी ती तपासायची.

पहिलं, फेजचा क्रम. तीन फेजमधल्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की हायड्रॉलिक पंप उलटा फिरतो. आवाज येतो, मोटर फिरते, गेजवर दाब शून्य. टूल हायड्रॉलिकवर सुटणाऱ्या मशीनला मग डिक्लॅम्प करताच येत नाही, आणि नवा मालक ड्रॉबार जाम झालाय असं धरून चालतो. मोटरवरचा बाण बघा. उलटी फिरत असेल तर लगेच बंद करा, कोरडा फिरलेला पंप फार दिवस टिकत नाही.

दुसरं, हवा. मशीनला साधारण ६ बार लागतात. गेज ६ दाखवतोय म्हणून पुढे जाऊ नका. डिक्लॅम्पचं बटण दाबलेलं असताना गेजकडे बघा. काटा चारवर घसरला तर पाइप बारीक आहे, कपलिंगचं भोक अडवतंय किंवा कॉम्प्रेसर लहान पडतोय. पत्र्याच्या शेडमध्ये छोट्या कॉम्प्रेसरवर मोठं मशीन जोडलं की हे होणारच, मग शेड भोसरीतली असो नाहीतर फ्रिसलंडमधली. हवेतलं पाणीही बघा. कोल्हापूरच्या जुलैत आणि इथल्या नोव्हेंबरमध्ये फिल्टरची वाटी रोज रिकामी करावी लागते.

अनेक मशीनवर हवा थेट ड्रॉबार दाबत नाही. मधे बूस्टर असतो, म्हणजे हवा तेलाला दाबते आणि तेल ड्रॉबारला. त्याची तेलाची छोटी बाटली वर, डोळ्याआड बसवलेली असते. वर्षानुवर्षं थेंब थेंब कमी होत जातं. तेल कमी झालं किंवा त्यात हवा शिरली की सिलिंडरची चाल अपुरी पडते. बोटं अर्धवट उघडतात, टूल कधी सुटतं, कधी नाही. ‘कधी कधी होतं’ असा आजार ऐकला की मी आधी ही बाटली बघतो. तेल मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं भरायचं आणि हवा काढून टाकायची.

तिसरं, बॅटरी. लिलावाच्या गोदामात मशीन सहा महिने वीज नसताना उभं राहतं. मेमरी टिकवणारी बॅटरी संपली की पॅरामीटर जातात. फिलिप्स ४३२ वर मशीन कॉन्स्टंट जातात, फानुकवर पॅरामीटर आणि अॅब्सोल्यूट एन्कोडरची जागा. पॅरामीटर परत भरले तरी टूल बदलायची उंची, म्हणजे झेडचा दुसरा संदर्भ बिंदू, काही मिलिमीटर सरकलेला असू शकतो. मग आर्म होल्डरच्या खाचेत न जाता कडेवर आपटतो. बॅटरी बदलायची ती मशीन चालू ठेवून. आणि मशीन नीट चालत असेल त्याच दिवशी सगळे पॅरामीटर बाहेर कॉपी करून घ्या, शक्यतो कागदावरसुद्धा.

थंडी हे इथलं खास कारण. जानेवारीत गरम न केलेल्या शेडमध्ये ग्रीस घट्ट होतं, सिलिंडर आळसावतो, साक्ष दोन सेकंदांऐवजी तीन सेकंदांनी येते आणि सोमवारी सकाळी पहिल्याच टूलला अलार्म. दुपारी सगळं सुरळीत. पीएलसीतला टायमर वाढवून हे गप्प करता येतं, पण तसं करू नये. उद्या खरोखरच काही अडकलं तर मशीनला ते उशिरा कळेल. जुनं ग्रीस काढा, नवं लावा आणि सकाळी दहा मिनिटं मशीन गरम होऊ द्या.

शंकू तोच, नातं वेगळं

आता तो मजेदार घोळ. तुम्ही वापरलेलं मशीन घेतलं, त्यावर ‘एसके-४०’ लिहिलंय. दुसऱ्या लिलावातून एसके-४० होल्डरचा खोका स्वस्तात आणला. शंकूत घालून बघितला, सुरेख बसला. पण ड्रॉबार पकडतच नाही.

कारण ४० हा आकडा फक्त शंकूबद्दल सांगतो. शंकूच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, याबद्दल तो गप्प असतो. डेकेलच्या जुन्या मशीनमध्ये होल्डरच्या मागे एस २० बाय २ हे करवती आट्याचं भोक लागतं, ड्रॉबार त्यात आटे फिरवून धरतो. माहोच्या बऱ्याच जुन्या मशीनमध्ये होल्डरच्या मागच्या दांड्यावर गोल खाच लागते आणि बोटं त्या खाचेत बसतात. त्यानंतरच्या मशीनवर डीआयएन ६९८७१ चा होल्डर आणि वर स्क्रूने बसवलेला डीआयएन ६९८७२ चा पुल स्टड. तिघांचाही शंकू एकच. शिवाय डीआयएन २०८० चा जुना होल्डर हाताने बदलण्यासाठी बनवलेला, आर्मने पकडायची खाच त्याला नसतेच.

बीटी आणि एसके यांचंही तसंच. आपल्याकडच्या व्हीएमसीवर बहुतेक ठिकाणी बीटी-४०, युरोपात एसके-४०. शंकू एक, पण फ्लँजची जाडी वेगळी आणि पकडायच्या खाचेची जागा वेगळी. बीटीचा होल्डर एसकेच्या मशीनमध्ये हाताने बसेलही, पण आर्म त्याला चुकीच्या जागी धरेल आणि मधेच सोडून देईल. पाच किलोचा फेस मिल बेडवर पडतो तेव्हा बेडला खड्डा पडतो. बेडवर पडला तर नशीब म्हणायचं.

पुल स्टड हा सगळ्यात छोटा, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. बीटीतसुद्धा त्याच्या डोक्याचा कोन वेगवेगळा येतो, उंची वेगळी येते. एका मशीनच्या मॅगझिनमध्ये दोन जातीचे स्टड मिसळलेले असले, आणि वापरलेल्या मशीनबरोबर आलेल्या होल्डरमध्ये ते असतातच, तर आजार कसा दिसतो बघा: काही टूल व्यवस्थित बसतात, काही नेहमी अलार्म देतात. असं झालं की अलार्म देणाऱ्या टूलचे नंबर लिहून काढा आणि त्यांचे स्टड बाकीच्यांशेजारी ठेवून कॅलिपरने मोजा. स्टड टॉर्क पान्यानेच आवळायचा. दोन हातांनी पाइप लावून आवळला तर होल्डरचं बारीक टोक फुगतं, मग शंकू फक्त तिथेच टेकतो आणि खाली टूल डुलतं.

एक मोजणी करून बघण्यासारखी आहे. टेपर ७:२४ म्हणजे एका बाजूचा उतार ७ भागिले ४८. त्यामुळे शंकूवर चारी बाजूंनी एक शतांश मिलिमीटरचा थर बसला, वाळलेल्या कूलंटचा किंवा गंजाचा, तर टूल जवळजवळ सात शतांश मिलिमीटर खाली राहतं. थर एका बाजूला असेल, किंवा चिप अडकली असेल, तर ते तिरकं बसतं. साधारण ६५ मिलिमीटरच्या शंकूवर दोन शतांशाची चिप म्हणजे स्पिंडलच्या तोंडापासून १५० मिलिमीटर खाली साडेचार शतांशाचा झोल. म्हणून स्पिंडलचा शंकू आणि होल्डर कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसणं ही पहिली पायरी, ती मी शेवटी सांगतोय कारण ती सगळ्यांना माहीत असते आणि फारसं कोणी करत नाही.

डायल लावून बघा

टूल सुटताना अडकतं, रबरी हातोडीने ठोकावं लागतं, अशी तक्रार असेल तर अंदाज करू नका. स्पिंडलमध्ये एक होल्डर बसवा, खाली बेडवर लाकडाची फळी ठेवा, होल्डरच्या तोंडाला डायल लावा आणि डिक्लॅम्पचं बटण दाबा. ड्रॉबारने होल्डरला किती खाली ढकललं ते दिसेल. बरोबर आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बहुतेक ठिकाणी तो मिलिमीटरच्या आतलाच. काटा हललाच नाही, तर बोटं उघडली तरी शंकू सुटलेला नाही: सिलिंडरची चाल कमी आहे किंवा ड्रॉबारच्या टोकाचा नट सरकलाय. हात होल्डर आणि बेडच्या मधे ठेवून हे करायचं नाही.

टूल रात्रभर स्पिंडलमध्ये ठेवूनही अडकतं. दिवसभर चाललेला स्पिंडल गरम, फुगलेला. त्यात गार होल्डर आत ओढला जातो. रात्री स्पिंडल थंड होऊन आवळतो. सकाळी हातोडी. जाताना टूल काढून ठेवलं की हा प्रश्नच येत नाही.

ओरिएंटेशनचा घोळ वेगळा दिसतो: होल्डर वर जाताना स्पिंडलच्या चाव्यांवर आपटतो. आधीच्या मालकाने बेल्ट किंवा सेन्सर बदललेला असला की स्पिंडल थांबण्याचा कोन काही अंशांनी हलतो. बऱ्याच फानुक स्पिंडलवर तो ४०७७ या पॅरामीटरने दुरुस्त होतो. जुना आकडा आधी लिहून ठेवा. एसकेच्या होल्डरच्या दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्या नसतात, त्यामुळे तो मॅगझिनमध्ये उलटा ठेवला तरी हीच लक्षणं दिसतात. पॅरामीटरला हात लावण्याआधी होल्डर फिरवून बघा.

टेबलची नोंद चुकणं याला मी सगळ्यात धोकादायक समजतो, कारण त्यात अलार्म येत नाही. टूल बदलत असताना मधेच इमर्जन्सी दाबली, आर्म हाताने मागे आणला, मशीन परत चालू केलं. आता कंट्रोलला वाटतं पाच नंबरच्या जागी ड्रिल आहे, आणि तिथे आहे फेस मिल. मशीन आनंदाने ते उचलतं आणि ड्रिलची लांबी धरून जॉबमध्ये घुसतं. अर्धवट राहिलेल्या टूल बदलानंतर एकेक पॉकेट डोळ्यांनी बघून टेबल नव्याने भरा. शॉर्टकट नाही.

ती छोटी वायर

आता मूळ प्रश्नाकडे: टूल बसलेलं दिसतंय, पण क्लॅम्प झाल्याचा सिग्नल येत नाही. डिलिव्हरी उद्या आहे. शेजारच्या शॉपमधले काका येतात, कॅबिनेट उघडतात, दोन टर्मिनलमध्ये बोटभर वायर लावतात आणि मशीन चालू. जुगाड म्हणून आपण याचं कौतुकही करतो. डच वर्कशॉपमध्येही हे होतं, फक्त त्याला गोंडस शब्द नाही.

काकांचं ऐकण्याआधी तो सिग्नल काय सांगतो ते बघू. ड्रॉबारच्या तीन जागा असतात. सर्वांत खाली: सुटलेला. मधे: टूल धरलेलं. सर्वांत वर: टूलशिवाय रिकामा वर गेलेला. मधली जागा अरुंद असते. बोटं झिजली, स्टड चुकीचा असला किंवा शंकूत काही अडकलं तर ड्रॉबार त्या अरुंद जागेच्या थोडा वर किंवा खाली थांबतो. साक्ष येत नाही, कारण पकड खरंच पुरी नाही. टूल टांगलेलं आहे, आणि डोळ्यांना बसल्यासारखं दिसतंय. वायर लावली की मशीन हेच टूल मिनिटाला आठ हजार फेऱ्यांनी फिरवेल.

प्रॉक्सीच बिघडलेला असण्याची शक्यता चांगली आहे, मान्य. पण ते तपासायला पाच मिनिटं लागतात, कसं ते वर सांगितलंय. कायदाही दोन्हीकडे याच बाजूने आहे: युरोपात कामगारांच्या हाती दिलेल्या यंत्रांसाठी २००९/१०४ हा निर्देश आहे, आपल्याकडे २०२५ पर्यंत १९४८ च्या कारखाना अधिनियमातलं कलम २१ धोकादायक भागांना आवरण घालायला लावत होतं. पण खरं सांगायचं तर ऑपरेटर कायदा वाचून दाराआड उभा राहत नाही. तो मशीनवर विश्वास ठेवून उभा राहतो. ज्याने वायर लावली तो सहसा तिथे नसतो.

म्हणून वापरलेलं मशीन घरी आलं की कॅबिनेट उघडा आणि ड्रॉइंगमध्ये नसलेल्या वायरी शोधा. रंग वेगळा असतो, कधी फेरूलही नसतं. दाराचं इंटरलॉक, हवेचा प्रेशर स्विच आणि टूल क्लॅम्पचा इनपुट, या तीन ठिकाणी त्या हमखास सापडतात. अशी वायर सापडली तर तिच्यापासूनच सुरुवात करा. मशीनचा खरा आजार काय होता, हे आधीचा मालक तिथे लिहूनच गेलाय.

सगळं तपासून झालं आणि तरी रफिंग करताना टूल खाली सरकतं, होल्डरच्या शंकूवर तांबूस-तपकिरी डाग पडतात, मशीन पूर्वी सहज घेत असलेल्या कटवर थरथरतं, तर संशय डिस्क स्प्रिंगांवर. एखादी तुटलेली असते किंवा सगळ्या थकलेल्या. ओढ मोजायला स्पिंडलमध्ये बसवायचं फोर्स गेज मिळतं. विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा शेजाऱ्याकडून आणा, कारण वर्षातून दोनदाच लागतं. आकडा मॅन्युअलमधल्या खालच्या मर्यादेच्या आत आला तर चळत बदलायची. हे काम यूट्यूब बघून करू नका. दाबलेल्या चळतीत भरपूर ताकद साठलेली असते, स्प्रिंगांची मांडणी एक उलटी-एक सुलटी ठरलेली असते, आणि एक जरी चुकली तरी ओढ आणि चाल दोन्ही बदलतात. इथे स्पिंडल दुरुस्त करणाऱ्याला पैसे द्यावेत, मग मशीन कितीही स्वस्तात मिळालेलं असो.

दुरुस्तीनंतर लगेच जॉब लावायचा नाही. आधी मॅगझिनमध्ये कटर नसलेले नुसते होल्डर ठेवा, फीड आणि रॅपिड कमीत कमी करा आणि एकेक पायरी बघत टूल बदलून घ्या. मग तेच पूर्ण वेगात पन्नासेक वेळा, गेजकडे आणि स्टेटस पानाकडे बघत. मग सगळ्यात जड टूल घालून. त्या दिवशीचे दाब, डायलवरचा आकडा आणि ओरिएंटेशनचा पॅरामीटर कॅबिनेटच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून चिकटवा, पुढच्या वेळी मशीन थांबलं की तुलना करायला काहीतरी असेल.